बसलेले गाल, विम्याचे कागद: अमेरिकेत एचआयव्ही-रुग्णाच्या चेहऱ्याच्या उपचाराचे पैसे कोण देतं?

१९९६ च्या सुमारास एचआयव्हीवर तीन-तीन औषधं एकत्र द्यायला सुरुवात झाली आणि मरणाच्या दारातली माणसं कामावर परत जाऊ लागली. पुढच्या काही वर्षांत त्यांच्यातल्या अनेकांचा चेहरा बदलला. वजन तेवढंच, रक्ताचे रिपोर्ट उत्तम, पण गाल आत गेलेले, कानशिलांत खळगे, गालफडांखाली कायमची सावली. ज्यांनी आपला आजार शेजाऱ्याला, साहेबाला, कधीकधी आईवडिलांनाही सांगितला नव्हता, त्यांचं गुपित आरशातल्या त्या चेहऱ्याने फोडलं. काहींनी तर याच धास्तीने औषधं टाळली.

डॉक्टरी भाषेत याला फेशियल लायपोॲट्रफी म्हणतात. विम्याच्या कागदांवर ‘फेशियल लायपोडिस्ट्रॉफी सिंड्रोम’ किंवा नुसतं ‘एलडीएस’ असं लिहिलेलं दिसेल. यावर उपचार आहे, अमेरिकेच्या एफडीएची (औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी खात्याची) मान्यता असलेला आहे, आणि बऱ्याच जणांच्या बाबतीत विम्याने त्याचे पैसे द्यायला हवेत असा नियमही आहे. तरी क्लेम नाकारले जातात, कारण क्लेम वाचणाऱ्या माणसासमोर रुग्णाचा चेहरा नसतो, कागद असतो. आणि कागदावर चार गोष्टी एकमेकींत गुंफलेल्या दिसाव्या लागतात: एचआयव्ही, त्यासाठी घेतलेलं औषध, त्या औषधाने झडलेली चरबी, आणि त्या झडण्याने माणसाचं झालेलं नुकसान. यातली एक कडी निसटली की उरतं ते फक्त ‘गालात फिलर भरलं’, म्हणजे कातडीखाली जागा भरणारा पदार्थ टोचला. ते वाचून कोणीही कॉस्मेटिकचा शिक्का मारेल.

चरबी का झडते, आणि परत का येत नाही

सुरुवातीला संशय प्रोटीएज इनहिबिटर गटातल्या औषधांवर होता. नंतर लक्षात आलं की चेहरा आणि हातपाय रोडावण्याचे मुख्य गुन्हेगार स्टॅव्ह्युडीन (झेरिट) आणि झिडोव्ह्युडीन (एझेडटी) हे दोन आहेत. झिडोव्ह्युडीन एकटं रेट्रोव्हिर या नावाने मिळायचं, आणि कॉम्बिव्हिर, ट्रायझिव्हिर या जोडगोळ्यांतही असायचं. हे नीट लक्षात ठेवा, कारण रुग्ण म्हणतो ‘मी एझेडटी कधी घेतलंच नाही’ आणि जुन्या फाइलमध्ये पाच वर्षं कॉम्बिव्हिर निघतं.

ही औषधं विषाणूची नक्कल रोखतात. पण पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाला स्वतःचा डीएनए बनवायला पॉलिमरेज गॅमा नावाचं एन्झाइम लागतं, तेही ती अडवतात. पेशीचं ऊर्जाकेंद्रच मंदावतं आणि कातडीखालच्या चरबीच्या पेशी मरायला लागतात. गालातली जाड चरबीची गादी आणि कानशिलांतली चरबी गेली की उरतात स्नायू आणि हाडं.

औषध बदललं की झड थांबते. हातापायांवरची चरबी वर्षा-दोन वर्षांत थोडी परत येते, चेहऱ्याची मात्र नजरेत भरेल इतकी बहुधा येत नाही. जास्त खाऊन गाल भरत नाहीत, पोट सुटतं. म्हणून बाहेरून भरणं हाच उपाय उरतो. ही दोन औषधं आता अमेरिकेत पहिल्या फळीत नाहीत, त्यामुळे नव्या रुग्णांत हा प्रकार क्वचित दिसतो. पण ज्यांचा चेहरा १९९८ साली बसला, ते आज साठी-पासष्टीत आहेत आणि मेडिकेअरच्या (६५ वर्षांवरच्या आणि काही अपंग लोकांसाठीच्या सरकारी विम्याच्या) दारात उभे आहेत.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. चेहरा वयाने उतरतो, वजन झपाट्याने कमी केल्याने उतरतो, दुसऱ्या आजारानेही उतरतो. ज्याने फक्त नवी औषधं घेतली आहेत आणि ज्याचं वजन गेल्या वर्षात बरंच घटलं आहे, त्याचा क्लेम या कारणाखाली उभा राहणं कठीण आहे. विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते.

‘कॉस्मेटिक’ की ‘रिकन्स्ट्रक्टिव्ह’

अमेरिकन मेडिकल असोसिएशनची जुनी व्याख्या इथे उपयोगी पडते. मुळात ठीक असलेला अवयव अधिक चांगला दिसावा म्हणून केलेलं ते कॉस्मेटिक. जन्मदोष, अपघात, संसर्ग, गाठ किंवा आजाराने बिघडलेली रचना दुरुस्त करायला, तिला सर्वसाधारण रूपाच्या जवळ न्यायला केलेलं ते रिकन्स्ट्रक्टिव्ह. सुई तीच, फिलर तेच. फरक हेतूचा आणि कारणाचा आहे, म्हणून कारण लिहिलेलं असावं लागतं.

स्तनाच्या कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेसाठी अमेरिकेत १९९८ पासून केंद्राचा कायदा आहे: ज्या विम्यात स्तन काढण्याच्या शस्त्रक्रियेचे पैसे मिळतात, त्याने पुनर्रचनेचेही द्यायचे. एचआयव्हीच्या औषधाने गेलेल्या चेहऱ्यासाठी तसा देशभर लागू असलेला कायदा नाही. त्यामुळे तुमचा विमा कोणता आणि तुम्ही कोणत्या राज्यात, यावर सगळं ठरतं.

मेडिकेअर: नियम आहे, पण अटींसकट

२३ मार्च २०१० पासून (ओबामांनी आरोग्यविम्याच्या कायद्यावर सही केली, तोच दिवस) मेडिकेअरचा देशव्यापी निर्णय लागू आहे. त्याचा क्रमांक एनसीडी २५०.५. चेहऱ्याच्या एलडीएससाठी त्वचेखाली दिलेल्या इंजेक्शनचे पैसे मिळतात, मात्र:

– रुग्णाला एचआयव्ही असावा;
– चरबीची झड एचआयव्हीच्या औषधोपचारामुळे झालेली असावी;
– वापरलेल्या फिलरला याच कारणासाठी एफडीएची मान्यता असावी;
– आणि चेहऱ्याची ही अवस्था रुग्णाच्या नैराश्यामागचं एक मोठं कारण असावी.

शेवटची अट अन्यायाची आहे असं माझं स्पष्ट मत आहे. भाजलेल्या माणसाचा चेहरा दुरुस्त करताना ‘तुला नैराश्य आहे का’ असं कोणी विचारत नाही. पण अट आहे, आणि सर्वाधिक क्लेम इथेच अडखळतात, म्हणून तिच्यावर वेळ घालवणं भाग आहे.

डॉक्टरांच्या नोंदीत बहुतेक वेळा असं वाक्य सापडतं: ‘रुग्ण चेहऱ्याबद्दल नाराज आहे, फिलर हवं म्हणतो.’ या वाक्याने क्लेम बुडतो. नाराजी म्हणजे नैराश्य नाही, आणि ‘हवं म्हणतो’ यातून हौस दिसते. त्याऐवजी नोंद अशी असायला हवी: ‘रुग्णाने १९९७ ते २००३ स्टॅव्ह्युडीन घेतलं. त्या काळात दोन्ही गाल व कानशिलांतली चरबी गेली; औषध बदलूनही भरून आली नाही. जेम्स मापनानुसार श्रेणी ३. नैराश्याचं निदान अमुक तारखेला, पीएचक्यू-९ गुण १६. लोकांनी आजार ओळखू नये म्हणून रुग्णाने बाहेर जाणं, नोकरीच्या मुलाखती टाळणं सुरू केलं आहे. चेहऱ्याची अवस्था हे नैराश्याचं मोठं कारण आहे असं माझं वैद्यकीय मत.’ तारखा, गुण, वागण्यातला ठोस बदल, आणि शेवटी दोन्ही जोडणारं वाक्य. ते शेवटचं वाक्य राहून जातं, कारण डॉक्टरांना ते उघडच वाटतं.

पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची साधी प्रश्नावली आहे, ० ते २७ गुणांची. १० च्या पुढे मध्यम नैराश्य धरतात. ती उपचाराच्या आधी भरलेली आणि तारखेची असावी. मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक असेल तर त्याचं वेगळं पत्र घ्या. अडचण तेव्हा येते जेव्हा गोळ्यांनी बरं वाटू लागलेलं असतं आणि फाइलमध्ये ‘नैराश्य आटोक्यात’ असा शेरा असतो. अशा वेळी गुण वाढवून सांगू नका. खरं ते लिहून घ्या: गोळ्या चालू आहेत, अमुक लक्षणं अजून आहेत, आणि चेहऱ्यामुळे टाळल्या जाणाऱ्या गोष्टी त्याच आहेत. आणि उलटंही तपासा. फाइलमध्ये नैराश्याचं कारण म्हणून फक्त ‘नोकरी गेली’ असं लिहिलेलं असेल आणि चेहऱ्याचा उल्लेखच नसेल, तर क्लेम तपासणारा त्यावरच बोट ठेवतो.

गाल किती बसले ते सांगणाऱ्या जेम्स मापनाच्या चार श्रेणी आहेत. पहिलीत हलका, एका जागेचा खळगा. दुसरीत तो गालाच्या मध्यावर पसरतो आणि स्नायू जाणवू लागतात. तिसरीत स्नायू स्पष्ट दिसतात. चौथीत खळगा वर डोळ्यांच्या खोबणीकडे जातो आणि कातडी थेट स्नायूवर टेकलेली असते. नुसतं ‘गंभीर’ लिहिण्यापेक्षा श्रेणीचा आकडा लिहिलेला बरा.

डॉक्टर निवडताना

हा भाग लोक सहज घेतात आणि हजारो डॉलरना मुकतात. फिलरमध्ये हात बसलेले बरेच डॉक्टर रोखीने चालणारी सौंदर्य-क्लिनिकं चालवतात. त्यांच्यापैकी काहींनी मेडिकेअरमधून लेखी अंग काढून घेतलेलं असतं, ज्याला ‘ऑप्ट-आउट’ म्हणतात. अशा डॉक्टरकडे रुग्ण खासगी करारावर सही करतो आणि त्या उपचाराचे मेडिकेअर कोणालाच काही देत नाही, डॉक्टरला नाही आणि तुम्हालाही नाही. नियम कितीही तुमच्या बाजूने असोत. म्हणून भेट ठरवतानाच फोनवर तीन गोष्टी विचारा: तुम्ही मेडिकेअर घेता का, मेडिकेअरची मंजूर रक्कम पूर्ण रक्कम म्हणून स्वीकारता का, आणि जी०४२९ हा कोड तुम्ही याआधी लावला आहे का. तिसऱ्या प्रश्नावर पलीकडे शांतता पसरली, तर बिलिंगच्या माणसाशी बोलायला मागा.

जी०४२९ हा चेहऱ्याच्या एलडीएससाठी फिलर टोचण्याच्या कामाचा कोड. फिलरच्या मालाचा कोड वेगळा: रेडिएससाठी क्यू२०२६, स्कल्प्ट्रासाठी क्यू२०२८. निदानाचे कोड बी२० (एचआयव्हीचा आजार) आणि ई८८.१ (लायपोडिस्ट्रॉफी), दोन्ही हवेत, एकटं ई८८.१ पुरत नाही. नैराश्याचं निदान झालेलं असेल तर त्याचा कोडही जोडून द्यावा. सवयीने कोणी ११९५० ते ११९५४ या मालिकेतले फिलरचे सर्वसाधारण कोड लावले, तर क्लेम थेट सौंदर्योपचारांच्या ढिगात जातो.

आता एकक. क्यू२०२६ चं एक एकक म्हणजे ०.१ मिली. म्हणजे १.५ मिलीची एक सिरिंज वापरली तर बिलावर १५ यायला हवेत. क्यू२०२८ चं एकक ०.५ मिलिग्रॅम आहे, वायल (औषधाची बाटली) नव्हे. दोन वायल वापरल्या म्हणून कारकुनाने रकान्यात २ लिहिलं, तर त्याने १ मिलिग्रॅमचं बिल लावलं! पैसे येतात, पण चिल्लर. क्लिनिक मग उरलेला आकडा तुमच्याकडे मागतं आणि तुम्हाला वाटतं मेडिकेअरने हात आखडता घेतला. बिलाची प्रत मागा आणि हा रकाना स्वतः बघा.

पैशांचा हिशेब सरळ आहे. हे मेडिकेअरच्या पार्ट बीमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या खर्चाच्या भागात येतं. वार्षिक डिडक्टिबल, म्हणजे आधी स्वतः भरायची रक्कम (२०२५ मध्ये २५७ डॉलर), भरून झालेलं असेल आणि मंजूर रक्कम समजा १,००० डॉलर असेल, तर ८०० मेडिकेअर देतं आणि २०० तुमचे. मेडिगॅप (मेडिकेअरला जोड म्हणून घेतलेला खासगी विमा) असेल तर ते २०० बहुधा तिथून सुटतात. वय ६५ व्हायच्या आत मेडिकेअर मिळू शकतं: अपंगत्वाचा सोशल सिक्युरिटी भत्ता सुरू होऊन २४ महिने झाले की. एचआयव्हीसह जगणारे बरेच जण याच वाटेने आलेले आहेत.

मेडिकेअर ॲडव्हान्टेज (मूळ मेडिकेअरऐवजी खासगी कंपनीमार्फत मिळणारं मेडिकेअर) घेतलं असेल तर कंपनी खासगी असली तरी तिला मेडिकेअरचे देशव्यापी निर्णय पाळावेच लागतात. ती पूर्वमंजुरी मागू शकते, आपल्याच नेटवर्कमधला डॉक्टर घ्या म्हणू शकते. ‘आम्ही हे कॉस्मेटिक समजतो’ असं म्हणू शकत नाही. फोनवरच्या माणसाला हे ठाऊक नसेल तर ‘एनसीडी २५०.५’ एवढंच सांगा आणि लेखी निर्णय मागा. तोंडी नकाराला अपील नसतं.

कोणतं फिलर, आणि का तेच

एचआयव्हीच्या लायपोॲट्रफीसाठी एफडीएची मान्यता असलेली, मेडिकेअरने कोड दिलेली दोन फिलर आहेत. स्कल्प्ट्राला ऑगस्ट २००४ मध्ये मान्यता मिळाली, रेडिएसला डिसेंबर २००६ मध्ये. हायल्युरॉनिक ॲसिडची नेहमीची फिलर, सिलिकॉन, स्वतःच्या पोटातली चरबी काढून गालात भरणं, हे वैद्यकीयदृष्ट्या काही जणांना चालत असेल, पण मेडिकेअरच्या अटीत बसत नाही. (चरबी भरण्याची आणखी एक अडचण: ज्याच्या अंगावरचीच चरबी झडली आहे, त्याच्याकडे काढायला चरबी कुठून आणायची?)

स्कल्प्ट्रा म्हणजे पॉली-एल-लॅक्टिक ॲसिड, विरघळणाऱ्या टाक्यांच्या जातीचा पदार्थ. तो स्वतः जागा भरत नाही. शरीराला तिथे नवं कोलॅजन बनवायला लावतो. वायलमध्ये तळाशी पांढरी पावडर असते. त्यात निर्जंतुक पाणी घालतात. पूर्वी ती लगेच न हलवता निदान दोन तास भिजू द्यायची सूचना होती, २०२१ पासून ती अट नाही. बरेच डॉक्टर रात्रभर ठेवतात आणि पाणीही जास्त वापरतात. नीट मिसळली नाही की गुठळ्या राहतात, सुई अडते आणि नंतर कातडीखाली गाठी हाताला लागतात. म्हणून क्लिनिकला विचारा, औषध कधी आणि कसं भिजवतात.

खळगे खोल असतील तर तीन ते सहा बैठका लागतात, दोन बैठकांत निदान दोन आठवड्यांचं अंतर. घरी मालिश करायची: रोज पाच वेळा, प्रत्येक वेळी पाच मिनिटं, पाच दिवस. टोचल्या दिवशी गाल मस्त भरलेले दिसतात, पण ते पाणी आहे. आठवड्याभरात ते उतरतं आणि माणूस हबकतो, ‘गेलं सगळं’. काही गेलेलं नाही, कोलॅजन बनायला आठवडे लागतात. याचा विम्याशीही संबंध आहे. उपचारानंतरचा फोटो दुसऱ्या दिवशी काढून पाठवला तर कंपनी म्हणते, चेहरा तर भरला, पुढच्या बैठका कशाला? परिणाम साधारण दोन वर्षांपर्यंत टिकतो.

रेडिएसमध्ये कॅल्शियम हायड्रॉक्सिलॅपटाइटचे बारीक गोळे जेलमध्ये असतात. परिणाम लगेच दिसतो, साधारण वर्ष-दीड वर्ष टिकतो. हे गोळे एक्स-रे आणि सीटी स्कॅनवर पांढरे दिसतात. दाताचा किंवा सायनसचा स्कॅन करताना आधी सांगून ठेवा, नाहीतर ‘गालात हे काय आहे’ म्हणून पुढच्या तपासण्या सुरू होतात.

दोन्ही फिलर चुकून रक्तवाहिनीत गेली तर कातडी मरू शकते, दृष्टीही जाऊ शकते. टोचल्यावर कातडी पांढरीफटक पडली, जीवघेणी कळ आली किंवा दिसणं बदललं, तर उद्याची वाट बघायची नाही.

कायमस्वरूपी फिलरचा मोह खूप जणांना पडला. बायो-अल्कामिड नावाचं जेल अमेरिकेत मान्य नव्हतं म्हणून लोक मेक्सिकोत जाऊन भरून आले. काहींना वर्षांनंतर त्यात पू झाला आणि ते काढायला चिरफाड करावी लागली. विमा पैसे देत नाही म्हणून अशा वाटेला जाऊ नका, पुढे आणखी मार्ग आहेत.

एगरिफ्टा या इंजेक्शनबद्दलही गोंधळ असतो. ते एचआयव्ही-रुग्णाच्या पोटातली साठलेली चरबी कमी करायला आहे, गाल भरायला नाही. निदानाचं नाव लायपोडिस्ट्रॉफीच असल्याने कधीकधी पूर्वमंजुरीच्या अर्जात दोन्हीची सरमिसळ होते.

खासगी विमा आणि राज्यांचे कायदे

ऑगस्ट २०१६ मध्ये मॅसॅच्युसेट्सने असा कायदा करणारं पहिलं राज्य होण्याचा मान मिळवला. गव्हर्नर चार्ली बेकर यांनी त्यावर सही केली. तिथे राज्याच्या नियमाखाली येणाऱ्या खासगी विम्याने आणि मासहेल्थनेही (तिथलं मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांचा सरकारी विमा) एचआयव्हीशी निगडित लायपोडिस्ट्रॉफीचे उपचार द्यायचे आहेत. त्यात चेहऱ्याचं फिलर आलं, साठलेली चरबी काढणंही आलं. उपचार करणाऱ्याने ‘याची गरज आहे’ असं लेखी द्यायचं. मेडिकेअरसारखी नैराश्याची अट नाही. कायदा असा असावा.

कॅलिफोर्नियात एचआयव्हीचं नाव घेणारा नव्हे पण कामाला येणारा १९९८ चा कायदा आहे. संसर्ग किंवा आजाराने बिघडलेली शरीररचना सुधारायला, कार्य सुधारण्यासाठी किंवा शक्य तेवढं सर्वसाधारण रूप आणण्यासाठी केलेली पुनर्रचना विम्यात यायला हवी, असं तो म्हणतो. ‘सर्वसाधारण रूप’ हे शब्द पत्रात जसेच्या तसे वापरा.

आता मोठी गोम. तुमचा विमा नोकरीतून असेल तर आधी हे विचारा: पैसे विमा कंपनी भरते की तुमची कंपनी स्वतः? मोठ्या कंपन्या बहुधा स्वतःच्या खिशातून क्लेम भागवतात, कार्डावर विमा कंपनीचं नाव असतं ते केवळ कागदपत्रं सांभाळण्यापुरतं. अशा स्वनिधीच्या योजनांना एरिसा हा केंद्राचा कायदा लागतो आणि राज्याची सक्ती लागू होत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये राहूनही मॅसॅच्युसेट्सचा कायदा कामी येत नाही तो असा. हे कार्डावरून कळत नाही. एचआरकडे ‘समरी प्लॅन डिस्क्रिप्शन’ मागा. तुम्हाला का हवंय हे सांगायची गरज नाही. त्यात ‘सेल्फ-फंडेड’ शब्द शोधा, मग कॉस्मेटिक आणि रिकन्स्ट्रक्टिव्ह या दोन्हींच्या व्याख्या वाचा. ‘आजारामुळे झालेली विकृती’ असं काही सापडलं की तुमच्या पत्राचा पाया मिळाला.

त्याशिवाय विमा कंपनीचं वैद्यकीय धोरण तिच्या वेबसाइटवर असतं. तिथे ‘लायपोडिस्ट्रॉफी’ शोधा. सभासदांना फोनवर नाही म्हणणाऱ्या कंपनीच्याच धोरणात कधीकधी हो लिहिलेलं असतं. मेडिकेडचा नियम राज्यागणिक वेगळा.

पूर्वमंजुरीची फाइल

औषधांचा इतिहास ही सगळ्यात अवघड कडी. पंचवीस वर्षांपूर्वीच्या क्लिनिकने फाइल नष्ट केलेली असू शकते. जे मिळेल ते जमवा: फार्मसीचा छापील इतिहास, औषध-साहाय्य योजनेची नोंद, एखाद्या औषध-चाचणीत भाग घेतला असेल तर तिथले कागद, जुन्या डॉक्टरांची पत्रं. हिपा या वैद्यकीय नोंदींच्या कायद्यानुसार नोंदी मागितल्यावर साधारण ३० दिवसांत द्याव्या लागतात. काहीच नसेल तर आताच्या डॉक्टरांनी इतिहास विचारून तारखांसह सविस्तर लिहावा. न लिहिलेल्यापेक्षा ते शंभरपट बरं.

फोटो पाच: समोरून, दोन्ही बाजूंनी तिरके, दोन्ही बाजूंनी पूर्ण आडवे. हसू नका, हसल्यावर गाल वर चढतात आणि खळगा झाकतो. समोरून फ्लॅश मारू नका, सावली पुसली जाते. उजेड वरून पडू द्या. औषधं सुरू व्हायच्या आधीचा तारखेचा फोटो सोबत ठेवा, जुनं ड्रायव्हिंग लायसन्स त्यासाठी उत्तम. आणि हे फोटो फॅक्सने पाठवू नका. फॅक्समध्ये चेहरा काळा ठिपका होऊन बाहेर पडतो, आणि तपासणारा ‘पुरावा अपुरा’ लिहून मोकळा होतो. पोर्टलवर चढवा किंवा रंगीत प्रती रजिस्टर टपालाने पाठवा.

नकार आला तर

नकाराच्या पत्रावर कारणाचा कोड असतो. ५० म्हणजे ‘वैद्यकीय गरज दिसत नाही’, इथे पत्रं आणि नोंदी लागतील. ११ म्हणजे निदान आणि प्रक्रिया जुळत नाही. बहुधा बी२० राहून गेलेलं असतं, कोड दुरुस्त करून क्लेम परत पाठवला की काम होतं. कोडच्या चुकीवर भावनिक अपील लिहीत बसू नका, त्यात महिने जातात.

मूळ मेडिकेअरमध्ये पहिल्या फेरविचाराला १२० दिवस मिळतात. शेवटची तारीख तुमच्या मेडिकेअर समरी नोटिसच्या शेवटच्या पानावर छापलेली असते. तिथेही नकार आला तर स्वतंत्र तपासणीसाठी १८० दिवस, मग न्यायाधीशापुढच्या सुनावणीसाठी ६०. ॲडव्हान्टेजमध्ये पहिलं अपील नोटिसच्या तारखेपासून ६५ दिवसांत. कंपनीने नकार कायम ठेवला तर प्रकरण तिने स्वतःहून बाहेरच्या तपासणीला पाठवायचं असतं.

एक सही सांभाळून करा. मूळ मेडिकेअरच्या रुग्णाला डॉक्टर कधीकधी उपचाराआधी एबीएन हा फॉर्म देतात, ‘मेडिकेअर कदाचित पैसे देणार नाही’ असं सांगणारा. त्यात तीन पर्याय असतात. पहिला निवडा: उपचार हवा आणि बिल मेडिकेअरला पाठवा. दुसरा निवडला तर बिल जातच नाही, निर्णय होत नाही, म्हणून अपीलही उरत नाही. मांडीवर क्लिपबोर्ड ठेवून घाईत खूण करायचा हा कागद नाही.

खासगी विम्यात अंतर्गत अपीलला १८० दिवस असतात. नोकरीच्या विम्यात निर्णयामागची सगळी फाइल फुकट मागायचा हक्क आहे, ती मागाच. तुमचा क्लेम कोणी वाचला, कोणत्या धोरणावर नाकारला, हे त्यात दिसतं. अंतर्गत अपील हरलं तर चार महिन्यांच्या आत बाहेरच्या स्वतंत्र तपासणीची मागणी करता येते आणि तिचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो. पण ही तपासणी वैद्यकीय प्रश्नांसाठी आहे. कंपनी म्हणते, ‘कॉस्मेटिक उपचार करारातच वगळलेले आहेत, यात वैद्यकीय प्रश्न नाही.’ तुमच्या पत्राने याच जागी उत्तर द्यायला हवं: हे कॉस्मेटिक आहे की रोगाने झालेल्या हानीची दुरुस्ती, हे ठरवणं हाच वैद्यकीय निर्णय आहे, आणि रुग्णाच्या डॉक्टरने तो असा दिला आहे. कॅलिफोर्नियात यासाठी राज्याचा विनामूल्य स्वतंत्र वैद्यकीय फेरविचार आहे, मुदत सहा महिने.

मदत मागायला लाजू नका. प्रत्येक राज्यात ‘शिप’ नावाची मेडिकेअरची मोफत सल्लासेवा आहे. रायन व्हाइट या एचआयव्ही-रुग्णांसाठीच्या सरकारी कार्यक्रमातून चालणाऱ्या क्लिनिकमधले केस मॅनेजर हे कागद रोज हाताळतात.

सगळे दरवाजे बंद झाले तरी दोन गोष्टी उरतात. दोन्ही फिलरच्या उत्पादकांनी कमी उत्पन्नाच्या एचआयव्ही-रुग्णांसाठी सवलतीचे कार्यक्रम चालवलेले आहेत. अर्ज सहसा डॉक्टरमार्फत जातो, तेव्हा टोचण्याआधी चौकशी करा, नंतर नाही. दुसरं, अमेरिकेचा आयकर कायदा सौंदर्योपचाराचा खर्च वैद्यकीय धरत नाही, पण विद्रूप करणाऱ्या आजारातून आलेली विकृती सुधारायचा खर्च धरतो. त्यामुळे एचएसए किंवा एफएसए या वैद्यकीय खर्चासाठीच्या खात्यांतले करमुक्त पैसे इथे वापरता येऊ शकतात. डॉक्टरांचं तेच कारणाचं पत्र पावतीला जोडून ठेवा.

फिलर विरघळतं, त्यामुळे वर्षा-दोन वर्षांनी हे पुन्हा करावं लागेल. मेडिकेअरच्या देशव्यापी निर्णयात किती वेळा याची मर्यादा लिहिलेली नाही, पण दुसऱ्या वेळी ‘देखभालीचा खर्च’ म्हणून आडकाठी येऊ शकते. म्हणून शेवटच्या बैठकीनंतर तीन महिन्यांनी पुन्हा तेच पाच फोटो, तीच पीएचक्यू-९, आणि डॉक्टरांच्या दोन ओळी: चेहरा कोणत्या श्रेणीवर आला, रुग्ण काय करू लागला जे आधी टाळत होता. मग खळगे परत दिसू लागले की पुन्हा फोटो, पुन्हा प्रश्नावली, आणि नवा अर्ज त्या दोन्हींच्या जोडीने जाऊ द्या.